एका घरचा विस्तव कमी होता

डोंगरावर धुराची रेघ दिसली की मी अजूनही गाडी बाजूला घेतो आणि दोन गोष्टी बघतो. वारा कुठून आहे, आणि धूर एक आहे की दोन. पोलीस खात्यात हयात गेली. चोऱ्या, मारामाऱ्या, अपघात हाताखालून गेले आणि त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळले आहेत. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीचं प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात आहे. त्यात कुणाला अटक झाली नाही, खटला उभा राहिला नाही, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या त्याही चुकीच्या. तरी नोकरीतलं नीट पुरं झालेलं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

नावं मुद्दाम देत नाही. ती माणसं तिथेच राहतात आणि शिमग्याला एका पंक्तीला जेवतात.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. नवी न्याय संहिता लागू झाली होती आणि ठाण्यात प्रत्येकाच्या टेबलावर काचेखाली जुन्या-नव्या कलमांचा तक्ता होता. शिमगा चालू होता. त्या दिवसांत आमचं वेळापत्रक पालख्यांवर चालतं: कुठल्या गावाची पालखी आज कुठे, मान कुणाचा, गेल्या वर्षी बाचाबाची कुठे झाली, तिथे माणसं किती लावायची. मी याद्या करणारा माणूस. माझ्या स्वभावाला हे दिवस मानवायचे.

अशाच एका सकाळी ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. आवाज तरुण होता.

"सर, वरच्या वाडीला काल आग लागली ना, ती वणव्याची नाही. लावलेली आहे. एका बाईने लावली. स्वतःची गुरं आधी सोडली, मग घरोघर फिरून विस्तव गोळा केला आणि दिराचं घर पेटवून दिलं. वाटेवरून जुना वाद आहे त्यांचा. वाडीत सगळ्यांना माहितीय, पण कोणी बोलणार नाही."

"आपण कोण?"

"ते सोडा ना सर. तुम्ही इन्क्वायरी करा."

फोन बंद झाला. आपण नाव सांगितलं नाही म्हणजे फोन निनावी झाला, असं लोकांना अजून वाटतं. नंबर समोरच्या पडद्यावर होता. मी तो स्टेशन डायरीच्या नोंदीत लिहिला आणि त्याबद्दल कुणाशी बोललो नाही.

आगीची खबर आदल्या संध्याकाळीच आली होती. जळिताची नोंद झाली होती, तलाठ्यांना कळवलं होतं, सकाळी पंचनाम्याला जायचंच होतं. फोनमुळे जायचं कारण तेवढं बदललं. राहतं घर जाळणं हा गंभीर गुन्हा आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. फोन खरा असेल तर एका बाईचं उरलेलं आयुष्य तुरुंगात जाणार होतं. खोटा असेल तर कुणीतरी तिला तिकडे ढकलत होतं. चौकशीला निघताना मी डोक्यात तीन कप्पे करतो: पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं. फोनवरचं सगळं दुसऱ्या कप्प्यात टाकलं आणि एक हवालदार, एक महिला शिपाई घेऊन निघालो.

रस्ता शेवटच्या वळणावर संपतो. पुढे चढण. वाडीची रचना आधी सांगतो, कारण सगळं प्रकरण तिच्यावरच आहे. डोंगराच्या खांद्यावर एक सपाटी, तिच्यावर एका ओळीत जुनी घरं. घरांच्या खालून एक बैलवाट आडवी जाते. वाटेच्या खाली उतार आणि उताराच्या पायथ्याशी ओढा, ओढ्यापलीकडे घाटाचा रस्ता. वाटेच्या खालच्या अंगाला तीनच गोष्टी होत्या: त्या बाईचा गोठा, तिच्या पेंढ्याची उडवी, आणि तिच्या धाकट्या दिराचं नवं घर, मागच्या बैलांच्या गोठ्यासकट. दिराच्या मुलाने मुंबईत नोकरी करून, बँकेचं कर्ज काढून ते बांधलं होतं. जीप जवळ यावी म्हणून ओळ सोडून खाली बांधलं होतं.

वाटेच्या वरच्या घरांचं कौलसुद्धा काळं झालं नव्हतं. खालचं काही उरलं नव्हतं. नव्या घराच्या भिंती उभ्या होत्या, वासे कोसळले होते, आणि गॅसची टाकी फुटून स्वयंपाकघराची एक भिंत बाहेर पडली होती. दिराची बायको त्या भिंतीपाशी बसून राखेतून भांडी वेगळी करत होती. पाऊस यायला तीनेक महिने होते, आणि कर्जाचे हप्ते जळालेल्या घरासाठीही चालूच राहतात.

पहिल्या कप्प्यात दोन गोष्टी पडल्या. दाराची फळी जळून गेली होती, पण कुलूप राखेत सापडलं आणि त्याच्यावर दगडाने ठोकल्याच्या ताज्या खुणा होत्या. दुसरी, घरामागच्या गोठ्यातल्या लोखंडी साखळ्या. साखळी तुटली नव्हती. तिचा आकडा हाताने काढलेला होता.

दीर पन्नाशीच्या आतला, हडकुळा माणूस. मी त्याला विचारलं, "बैल कुठे आहेत?"

"वर माळावं. चरत्यात."

"सोडले कुणी?"

"म्या नाय. आमी पालखीला खाली व्हतू."

"मग?"

त्याने साखळी उचलून आकडा चाचपला. "आता बैल काय सवता आकडा काडून जातील काय, सायेब," असं म्हणाला. वहिनीच्या घराकडे त्याने बघितलंही नाही.

वैरी माणूस घर पेटवतो, पण आधी वैऱ्याचे बैल सोडून मग पेटवणारा माझ्या पाहण्यात नव्हता.

बाईला सगळी वाडी काकी म्हणते, मीही काकीच म्हणतो. नवरा महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार, आगीच्या दिवशी दुपारच्या पाळीला गेलेला. बाईमाणसाचा जबाब ठाण्यात बोलावून घेता येत नाही, तिच्या घरीच घ्यावा लागतो. म्हणून आम्ही तिच्या पडवीत बसलो. महिला शिपाई लिहायला. काकी सुपात तांदूळ निवडत होती, ती थांबली नाही.

"काकी, आग कुणी लावली?"

"मी."

"एकटीने?"

"यकटीनं."

"दिराचं घर खाली आहे, ते जळेल हे माहीत होतं?"

"व्हतं."

"मग का लावली?"

तिने एक खडा काढून अंगणात फेकला. "लावली त्ये खरं. लिवा त्ये. बाकीचं कशाला?"

"घरोघरी फिरलीस म्हणतात. कशाला?"

यावर मात्र तिचा हात थांबला. "आसंच," ती म्हणाली.

चटकन कबूल करणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला तरी झाकत असतो. म्हणून मी वाडीतल्या बाकीच्या बायकांकडे वळलो. पुरुष सगळे पालखीला खाली गेले होते, हे खरं होतं. बायकांनी एकजात एकच उत्तर दिलं: आमी सैपाकात व्हतू. आग भर दुपारी जेवणं झाल्यावर लागली होती. त्या वेळी वाडीतल्या सगळ्या बायका एकदम स्वयंपाक करत होत्या, असं मला लिहून घ्यावं लागलं. हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, एवढा स्वयंपाक झाला आणि आपल्याला कुणी जेवायला बसा म्हणत नाही."

समोरच्या डोंगरावर वनखात्याचा वनरक्षक असतो. वाडीत रेंज नाही, म्हणून थोडं खाली उतरून त्याला फोनवर धरला. त्याने सांगितलं की धूर आधी खाली ओढ्यापाशी, घाटरस्त्याच्या कडेला दिसला आणि वाऱ्याबरोबर वर चढू लागला. बऱ्याच वेळाने वाडीच्या वाटेशी दुसरा धूर उठला. म्हणजे धूर दोन होते. वणवा होता, आणि लावलेली आगही होती.

मी उतार पायाखाली घातला. आग कुठून कुठे गेली हे झाडांच्या बुंध्यांवर वाचता येतं. ओढ्याकडच्या अर्ध्या उतारावर ऐनाची झाडं पुरुषभर उंच काळी झाली होती. ती वाऱ्यावर चढून आलेल्या जोरदार आगीची खूण. वरच्या अर्ध्या भागात, नव्या घराच्या आसपास, काळं गुडघ्याएवढंच होतं आणि गवताचे खुंट शिल्लक होते. ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू उतरलेल्या आगीची खूण. दोन्ही आगी घराच्या खाली एकमेकींना भिडल्या आणि जाळायला काही न उरल्याने विझल्या. वणव्यासमोर आडवी आग लावून त्याचं खाणं आधीच संपवणं ही डोंगरातली जुनी युक्ती आहे. काकीने तेच केलं होतं. वाडी त्यामुळेच वाचली होती.

पण माझ्या पाहण्यातून काकीच्या विरुद्धचीच गोष्ट सिद्ध होत होती. नवं घर खालच्या वणव्याने नाही, वरून उतरलेल्या आगीने जळालं होतं. तिच्या आगीने.

"साहेब, म्हणजे फोन खरा निघाला," हवालदार म्हणाला.

"फोन अर्धा खरा आहे," मी म्हणालो.

फोनचा उरलेला अर्धा, मी वर नव्या घरापाशी आलो तेव्हा समोर होता. दिराचा मुलगा मोबाइलवर घराचे फोटो काढत होता. पहाटे मुंबईहून आला होता. त्याने तोंड उघडलं आणि मी सकाळचा आवाज ओळखला. मी तसं काही दाखवलं नाही.

"सर, मी कंप्लेंट लिहून देतो. आज संध्याकाळी ठाण्यात येऊ की उद्या?"

"कधीही ये. तक्रार घेणं माझं काम आहे. कुणाविरुद्ध देणार?"

त्याने वर काकीच्या घराकडे हनुवटी केली. "घराचा विमा आहे सर. बँकेने कर्जाबरोबर काढायला लावला होता. एजंट बोलला, कोणीतरी दुश्मनीने लावली असं पोलिसांच्या कागदावर आलं तर क्लेम फटाफट पास. वणवा लिहिलं तर कंपनी घुमवत बसेल."

"पॉलिसी वाचलीस?"

"पीडीएफ आहे सर मोबाइलवर. इंग्लिशमध्ये आहे, एवढी पानं. कोण वाचतो?"

"काकीवर राग आहे?"

त्याने मोबाइल खिशात घातला. "आई शेतावर असायची तेव्हा मी तिच्याकडेच जेवायचो. म्हणून तर डोकं फिरलं सर. वरची सगळी घरं वाचवली तिने. आमचंच तेवढं..."

मी त्याला एकच सांगितलं. "तक्रारीत जे लिहिशील ते पुढे कोर्टात शपथेवर सांगावं लागेल. तेवढं ध्यानात ठेवून ये." तरुण माणसाला धमकी दिली की तो हट्टाला पेटतो. पुढची पायरी दाखवली की विचार करतो.

खाली निघण्याआधी मी आग जिथून लावली ती जागा पुन्हा बघायला बैलवाटेवर गेलो. वाटेच्या कडेला, करवंदीच्या जाळीत, एक लोखंडी घमेलं पालथं पडलं होतं. उलटं करून बघितलं. तळाला राख आणि विझलेले निखारे. त्यात शेणीचे तुकडे होते, ऐनाचा कोळसा होता, बांबूच्या पेरांचा होता, आणि एका बाजूला भाताच्या तुसाची राख होती. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, चुलीपुढे बसूनच अभ्यास केलेला. एका चुलीत एका दिवशी इतकं वेगवेगळं जळण कुणी घालत नाही. आणि गवत पेटवायला एक काडी पुरे होती. घमेलंभर विस्तव, तोही घरोघरचा, कशाला लागला?

आतापर्यंत मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होतो, आग कुणी लावली. आता प्रश्न बदलला. घमेलं घेऊन मी वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या पडवीत गेलो. काकीची ती चुलत सासू. मला घमेल्यासकट बघून बाकीच्या बायकाही हळूहळू जमल्या. काकी आली, दीर आला, त्याच्या मागे मुलगा.

"आजी," मी म्हणालो, "कुणी लावली ते विचारत नाही. ह्याच्यात विस्तव कुणाकुणाच्या घरचा होता, तेवढं सांगा."

म्हातारीने घमेल्यात डोकावून बघितलं. "आता कसा सरळ इचारलास," ती म्हणाली. "समद्यांच्या घरचा."

मग तिने सांगितलं ते असं. वणवा वर येताना दिसला की वाडी आडवी आग लावते. पण ती कुणा एकाची काडी ओढून लावायची नाही. प्रत्येक चुलीतला विस्तव घ्यायचा, एकात मिसळायचा आणि मग गवतात ओतायचा. आग उलटली, कुणाची उडवी गेली, कुणाचं घर गेलं, तर ते कुणा एकामुळे गेलं असं म्हणता येत नाही. ज्याचं गेलं त्याचा विस्तवही त्यात असतो. आणि मग त्याचं घर सगळ्या वाडीने उभं करून द्यायचं. कुणी वासे द्यायचे, कुणी बांबू, कुणी अंगमेहनत. कुणाचा विस्तव कुठे पडला हे पुन्हा कधी बोलायचं नाही.

मला हसू आलं. मुंबईच्या पोराने मोबाइलमध्ये ठेवलेली पॉलिसी आणि म्हातारीची ही रीत, दोन्ही एकच गोष्ट होती. हप्ता तेवढा वेगळा.

"मग झाकायचं काय होतं?" मी विचारलं. "समद्यांचा होता तर समद्यांनी सांगायचं."

शेवटी एक सून खाली बघत म्हणाली, "समद्यांचा नव्हता सायेब. यांच्याकडं गॅस हाय."

म्हातारी म्हणाली, "दाराला कुलूप व्हतं. आनि कुलूप नसतं तरी आत चूल कुठाय? येका घरचा इस्तव कमी पडला, आनि घर त्येच गेलं. बिनइचारता जाळलं आमी. ह्याला आमच्यात तोंड नाय."

आता सगळं जागेवर बसलं. त्या बायका तुरुंगाला भ्यायल्या नव्हत्या. ज्या घराचा विस्तव घेतला नाही ते घर आपल्या आगीने गेलं, याची लाज त्यांचं तोंड बांधून होती. आणि काकीने ती लाज एकटीच्या अंगावर घ्यायची ठरवली होती.

"समद्यांची नावं दिली आस्ती तर आजीला बी चौकीवं नेलं आस्तं, ह्या वयात," काकी म्हणाली. "म्हनून बोलली, मी."

मुलगा मागून म्हणाला, "मला एक फोन करायचा होतास ना काकी. मी सांगितलं असतं लाव म्हणून."

"रेंज कुठं हाय रे हितं? आनि तू हालो हालो करस्तवर वनवा थांबनार व्हता काय?"

दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. काकी हसली नाही. "कुलूप फोडाया दगड मारलं. नाय फुटलं. देव आत ऱ्हायलं तुमचं. मला त्येचंच वाईट वाटतंय."

दीर तेव्हा पुढे आला. "वैनी, बैल तू सोडलंस ना?"

"मंग काय, त्यांना बी पालखीला धाडू?"

तो खाली बसला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरून राहिला. वाटेचा वाद कशावरून होता हे मी नंतर एकदा विचारलं, तर दोघांनाही नीट सांगता आलं नाही.

मी तिथेच सगळ्यांना कायदा सांगितला. मोठं नुकसान टाळण्यासाठी, मनात पाप न ठेवता कुणी लहान नुकसान केलं, तर तो गुन्हा धरत नाहीत. नव्या संहितेतही हे कलम आहे आणि गंमत म्हणजे त्याचं उदाहरण आगीचंच आहे: मोठी आग पसरू नये म्हणून मधली घरं पाडणाऱ्या माणसाचं. काकीला हे दोनदा सांगावं लागलं. "म्हंजी लिवून ठेवल्यालं हाय आदीच?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. "मंग बरं," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

गुन्ह्याचा प्रश्न मिटला, छपराचा नाही. पोराने तक्रार दिली नाही, पण आता त्याला दुसरी भीती होती. "सर, घरच्याच माणसांनी लावली असं आलं तर कंपनी हात वर करेल."

"जे झालं तेच लिहायचं," मी म्हणालो. "पूर्ण लिहायचं. अर्धं लिहिलं की अडचण."

महाडच्या न्यायालयात मोफत विधी साहाय्य मिळतं. ज्याला वकील परवडत नाही त्याच्यासाठी ते असतं आणि ज्यांना गरज असते त्यांनाच ते माहीत नसतं. तिथल्या एका वकीलबाईंना मी प्रकरण समजावलं. त्या दोन दिवसांत चढून वाडीला आल्या, धापा टाकत पहिली मागणी पाण्याची केली आणि दुसरी पॉलिसीची. पोराच्या मोबाइलवरची सगळी पानं त्यांनी पडवीत बसून वाचली. एका पानावर बोट ठेवून त्याला म्हणाल्या, "हे वाच."

पोराने वाचलं. ज्या संकटांची भरपाई मिळते त्यांच्या यादीत वणवा होता. स्पष्ट शब्दांत.

"तुझ्या एजंटने काकूला तुरुंगात घालून मिळवायला सांगितलं ते इथे आधीच लिहिलेलं आहे," त्या म्हणाल्या. तो कानापर्यंत लाल झाला.

कंपनीचे सर्व्हेअर पुढच्या आठवड्यात आले. माणूस सरळ होता, पण शंका त्यांची रास्त होती: घर वणव्याने नाही, हाताने लावलेल्या आगीने जळालं. वकीलबाईंनी त्यांना घराच्या जोत्यावर उभं केलं आणि खाली पुरुषभर काळी झालेली झाडं दाखवली.

"ही आडवी आग कुणी लावलीच नसती, तर हे घर वाचलं असतं का?"

सर्व्हेअरांनी उतार बघितला, वाऱ्याची दिशा विचारली. "नाही. सगळ्यात आधी हेच गेलं असतं."

"मग जळण्याचं मूळ कारण वणवा, तेच लिहा."

आमच्याकडचे कागद मी एकमेकांना धरून लावले: जळिताची नोंद, वनरक्षकाचा जबाब, बुंध्यांवरच्या काळ्या खुणांच्या उंचीसकट पंचनामा, आणि वाडीतल्या प्रत्येक बाईचा जबाब. त्यात प्रत्येकीने सांगितलं की विस्तव माझ्याही चुलीतला होता. महिला शिपायाचा हात दुखून आला, पण एकही जबाब दुसऱ्याची नक्कल नव्हता. एकीने तर आपल्या शेणी इतरांपेक्षा चांगल्या पेटतात, हेही लिहून घ्यायला लावलं. काकीच्या गोठ्याला आणि उडवीला विमा नव्हता. त्यासाठी तलाठ्यांच्या पंचनाम्यावर शासकीय मदतीचा अर्ज केला.

ज्यांचं असं काही जळतं त्यांना मी तेव्हापासून चार गोष्टी सांगत आलो आहे. राख उपसण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि कळवल्याचा पुरावा ठेवा. पोलीस, तलाठी आणि जनावर गेलं असेल तर पशुवैद्यक, तिघांच्या कागदांच्या प्रती मागून घ्या, त्या मिळणं हा तुमचा हक्क आहे. आणि आगीचं कारण माहीत नसेल तर माहीत नाही असंच सांगा, कुणी शिकवलेलं सांगू नका. ही शेवटची गोष्ट लोकांना सगळ्यात अवघड जाते.

कंपनीने मध्ये दोन वेळा खुलासे मागवले, वकीलबाईंनी दोन्ही वेळा उत्तर दिलं, आणि दावा मंजूर झाला. काकीलाही गोठ्याची मदत मिळाली. पण वाडीने कुणाची वाट बघितली नव्हती. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा नव्या घरावर वासे चढले होते. दर घरातून काही ना काही आलं होतं. विस्तव घेतला नव्हता तर घर उभं करायचं की नाही, यावर बैठक झाली म्हणे. म्हातारीने ती एका वाक्यात संपवली: चूल नव्हती, मानसं तर आपलीच व्हती.

या प्रकरणाने मला शिकवलं ते माझ्या कामापुरतं सांगतो. आम्हा पोलिसांना कुणी केलं हे विचारायची सवय असते, कारण आमच्या कागदावर एका नावाची जागा असते. काही गोष्टी एकाने केलेल्याच नसतात. तिथे हाच प्रश्न विचारत राहिलं की सगळ्यात चांगला माणूस पुढे येतो आणि आपलं नाव देतो.

पुढच्या शिमग्याला मी निवृत्त होतो. बंदोबस्त नाही, यादी नाही, म्हणून पालखी बघायला गेलो आणि वाडी चढलो. नव्या घरात ओट्यावर गॅस होता आणि चहा त्याच्यावरच झाला. पण बाहेर पडवीच्या कोपऱ्यात मातीची चूल होती, काकीच्या हातची, नुकतीच सारवलेली. मुंबईचा पोरगा उकिडवा बसून तिच्यातले निखारे राखेने झाकत होता. त्याला ते नीट जमत नव्हतं आणि काकी वरून सूचना देत होती.

"फुकू नको रे. झाक. भाकरी भाजायची नाय आता."

"चहा तर गॅसवर झाला," मी म्हणालो. "ही कशाला पेटवली?"

"आम्ही सगळे खाली चाललोय ना सर, पालखीला," तो म्हणाला. "आजी आणि दोघी-तिघी तेवढ्या वाडीत राहतील."

त्याने हात झटकले, दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. मी सवयीने वाकून राख नीट बसली आहे ना बघितलं. ठीक होती. खाली उतरताना एकदा वळून बघितलं. घर बंद होतं आणि चूल कुलपाच्या बाहेर होती.